अद्याप जमा झालेला नाही

शाळेत त्यांना सगळे बटणबाई म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे. पण पाठीमागे इतक्या मोकळेपणाने म्हणत की एकदा एका पालकाने फाटकाशीच विचारलं, "बटणबाई कुठे भेटतील?" आणि शिपायाने न हसता संगणकाच्या खोलीकडे बोट दाखवलं.

नाव जुनं होतं, त्या शिवण शिकवत होत्या तेव्हाचं. मुलींनी लावलेलं प्रत्येक बटण त्या ओढून बघत. निघालं तर ते मुलीच्या तळहातावर ठेवून म्हणत, "सांभाळून ठेव. तुझ्या कामाची आठवण." मग एका वर्षी शिवण हा विषय अभ्यासक्रमातून गेला आणि संगणक आला. बाईंना सांगण्यात आलं की एक तर दूरच्या शाळेत बदली घ्या, नाही तर प्रशिक्षण घ्या. त्यांनी प्रशिक्षण घेतलं. शिलाई मशीनं अडगळीत गेली, त्याच टेबलांवर पडदे आणि कीबोर्ड आले. नाव मात्र बदलावं लागलं नाही.

सुरुवातीला त्या माऊस इस्त्रीसारखा दाबून धरत. घरी मुलीने शिकवलं, तेही फोनवरून, कारण मुलगी नोकरीसाठी लांबच्या शहरात होती. "आई, डबल क्लिक म्हणजे दोनदा टकटक. दार तोडायचं नाहीये." बाईंचे यजमान पेपरातून मान वर न काढता म्हणत, "तोडू दे, सरकारी आहे." पण बाई शिकल्या, आणि आपल्या पद्धतीने शिकवू लागल्या. काम सेव्ह करा असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. "गाठ मारली का?" असं विचारत. दोरा तोडायच्या आधी गाठ मारायची असते. तास संपला की सगळा वर्ग ओरडे, "मारली, बाई."

खोलीतल्या फरशीत मशीनच्या पायांचे स्क्रू होते तिथे अजून भोकं होती. झाडताना कधी एखादी टाचणी निघे. खिडकीच्या कडेला पूर्वी खडूने आखलेली मापं रंगाखालून पुसट दिसत. बाईंना ती आवडत. त्यांना वाटे, खोलीने सगळं टाकून दिलेलं नाही.

नववीच्या वर्गात, तिसऱ्या खिडकीजवळ, एक मुलगी बसायची. बाईंनी तिचं नाव घाई ठेवलं होतं. काहीही काम दिलं की सगळ्यांच्या आधी तिचा हात वर.

"झालं, बाई."

"परत बघ."

"बघितलं, बाई."

"कधी बघितलंस?"

"आत्ता. तुम्ही म्हणालात तेव्हा."

कामात चुका असायच्या. दुरुस्त करायला दिल्या की त्याही सगळ्यांच्या आधी दुरुस्त करून परत, आणि त्यात नव्या चुका. बाई म्हणत, "अगं, गाडी चुकणार आहे का तुझी?" यावर ती मनापासून हसायची. पुढचा एक दात जरा आडवा होता, तो हसताना ओठाखाली लपवायची तिला सवय होती.

सहामाहीच्या सुट्टीत तिला ताप आला. आई सरकारी दवाखान्याच्या धुलाईघरात कामाला होती, म्हणून तिथेच भरती केलं. सुट्टी संपून शाळा उघडली तेव्हा वर्गात तिची जागा रिकामी होती. मुख्याध्यापकांनी प्रार्थनेनंतर दोन वाक्यं बोलून सगळ्यांना शांत उभं केलं. वर्गशिक्षकांनी हजेरीपटात तिच्या नावावर लाल रेघ मारली.

लाल रेघ मारणं सोपं होतं. संगणकातलं नाव काढणं सोपं नव्हतं. शाळेच्या ऑनलाइन वर्गातून मध्येच एक नाव काढलं की खालची सगळी नावं एकेक पायरी वर सरकत, आणि गुण मात्र जागच्या जागी राहत. एकीचे गुण दुसरीला. मागे एक मुलगा शाळा सोडून गेला तेव्हा हा गोंधळ निस्तरता निस्तरता बाईंचे डोळे सुजले होते. मुख्याध्यापक म्हणाले, "राहू द्या बाई, वर्ष संपलं की काढू." बाईंनाही ते बरं वाटलं. त्या नावावर जाऊन 'काढून टाका' वर बोट ठेवायला त्यांचा हात धजत नव्हता. त्यांनी राहू दिलं, आणि एक गोष्ट त्यांच्या ध्यानातून निसटली.

दर आठवड्याचे स्वाध्याय त्यांनी वर्षाच्या सुरुवातीलाच घालून ठेवले होते. ते ठरल्या दिवशी आपोआप मुलांना जात. ज्याचा स्वाध्याय येत नसे त्याच्या घरच्या फोनवर आपोआप निरोप जाई. तो निरोपही बाईंनीच प्रशिक्षणात बसून लिहिला होता, पाच वेळा खोडून, चांगल्या भाषेत: 'आपल्या पाल्याचा स्वाध्याय अद्याप जमा झालेला नाही. कृपया लक्ष द्यावे.' खाली त्यांचं नाव.

एका दुपारी नववीचा तास चालू होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर वर्गाची यादी लावलेली होती. जो ऑनलाइन वर्गात आला त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका उगवे. बाई एका मुलीच्या टेबलाशी वाकून काही दाखवत होत्या. मागून कोणीतरी अगदी हळू म्हणालं,

"बाई, ती आलीय."

बाईंनी मान वर केली. घाईच्या नावापुढे हिरवा ठिपका होता.

खोलीतला पंखा फिरत होता, त्याचा आवाज अचानक मोठा झाला. तिसऱ्या खिडकीजवळची खुर्ची रिकामीच होती. सुट्टीनंतर तिथे कोणी बसलं नव्हतं, आणि बाईंनीही कोणाला बसवलं नव्हतं. सगळा वर्ग आधी पडद्याकडे आणि मग त्या खुर्चीकडे बघत राहिला. थोड्या वेळाने ठिपका विझला.

"पासवर्ड कोणाला माहीत आहे तिचा?" बाईंनी विचारलं. आवाज त्यांना हवा होता तितका कडक निघाला नाही.

कोणालाच माहीत नव्हता. तिची मैत्रीण, शेजारच्या खुर्चीवरची, रडायला लागली. दुसऱ्या दिवशी तिने जागा बदलून मागितली. त्यानंतर तो ठिपका अधूनमधून दिसू लागला, बहुतेक वेळा दुपारच्या जेवणानंतरच्या तासाला. दिसला की टायपिंगचा आवाज थांबे. शिपाई खोलीला कुलूप घालताना आता दाराबाहेरूनच हात लांब करून दिवा बंद करी. "मी काही मानत नाही, बाई," तो म्हणाला, "पण आत कशाला जायचं?"

आणि मग स्वाध्याय आला. घाईच्या नावाने.

बाईंनी तो मधल्या सुट्टीत उघडला. पर्याय निवडायचे प्रश्न होते, सगळ्यांना पहिलाच पर्याय. कोणी डोळे मिटून टिकल्या लावाव्यात तसं. शेवटचा प्रश्न होता, 'इंटरनेट म्हणजे काय ते स्वतःच्या शब्दांत लिहा.' खाली लिहिलेलं होतं, 'माहीत नाही. विचारून सांगते.'

कोणाला विचारून?

मुख्याध्यापकांनी चष्मा कपाळावर चढवून ते वाचलं. "कोणी तरी खोडी करतंय. नाव काढून टाका, सरळ."

"गुण सरकतील, सर."

"सरकू द्या. पोरं घाबरलीत. आणि पुढच्या महिन्यात तपासणी आहे. अधिकाऱ्यांसमोर हे भूत नाचायला नको."

बाई हो म्हणाल्या आणि परत येऊन पडद्यासमोर बसल्या. खोडी वाटत नव्हती. खोडी करणारा गंमत लिहितो. हे लिहिणाऱ्याला उत्तर खरंच माहीत नव्हतं, आणि खरंच विचारायचं होतं. ठिपका कोणत्या वेळी दिसतो हे त्यांनी पुन्हा आठवलं. त्या वेळेला कोण मोकळं असतं? मग त्यांना आठवलं की घाईकडे स्वतःचा फोन कधीच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अर्धी रजा टाकून त्या दवाखान्यात गेल्या. धुलाईघर मागच्या बाजूला होतं, मोठ्या चिमणीखाली. आत वाफ, साबणाचा उग्र वास, आणि यंत्रांची घरघर इतकी की बोलायचं तर कानाशी जावं लागे. घाईची आई लांब टेबलाशी चादरींच्या घड्या घालत होती. बारीक चणीची बाई, पण हात भराभर चालत होते. बाईंना बघून ती थांबली नाही. तिने चादरीचं एक टोक उचलून नुसतं पुढे केलं. बाईंनी ते धरलं. शिवण शिकवलेली माणसं, कापडाचं टोक समोर आलं की धरतातच.

दोघी मागे सरकल्या, चादर ताणली, जवळ आल्या.

"तिच्या नावाने तुम्ही पाठवता का?" जवळ आल्यावर बाईंनी विचारलं.

"चुकतंय का फार?"

पुन्हा मागे, पुन्हा पुढे.

"तुमचाच निरोप आला होता," ती म्हणाली. "जमा झाला नाही म्हणून. आधी मी बघितलंच नाही तिकडे. मग परत आला. दर आठवड्याला येतोय. तिचं नाव, खाली तुमचं नाव. हजेरीतून नाव कापलं असं सर घरी येऊन सांगून गेले होते. मग मला वाटलं, इथलं अजून कापलेलं नाही. अभ्यास नाही दिला तर कापतील."

"अहो, तो निरोप मी पाठवत नाही. तो आपोआप जातो."

"आपोआप म्हणजे? लिहिलाय तर कोणी तरी."

"मी लिहिलाय."

"मग तेच म्हणते मी." तिने घडी थप्पीवर ठेवली आणि हाताने दाबली. "माझ्याच फोनवर करायची सगळं. निरोपावर बोट ठेवलं की तिचा वर्ग उघडतो. सगळ्या पोरींची नावं दिसतात. जेवणाच्या सुट्टीत बघत बसते थोडा वेळ. इथली क्ष-किरणवाली मुलगी आहे, तिला विचारून लिहिते. ती नसली की अडतं."

"मुलं घाबरतात, ताई. वर्गात दिसतं ते."

ती पहिल्यांदाच थांबली. "काय दिसतं?"

"तुम्ही उघडलं की तिच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. म्हणजे ती हजर आहे असा."

हे सांगायला नको होतं, असं बाईंना लगेच वाटलं. त्या बाईच्या तोंडावर भीती आली नव्हती. दुसरंच काही आलं होतं. तिने ओठ मुडपून पुढचा आडवा दात झाकला, आणि घाई हा दात कुणाकडून घेऊन आली होती ते बाईंना समजलं.

"नाव काढावं लागणार आहे," बाई म्हणाल्या.

"किती राहिलंय तिचं?"

"थोडेच स्वाध्याय आहेत."

"मग तेवढे होऊ द्या. मी जेवणाच्या सुट्टीत नाही उघडणार, पोरं घरी गेल्यावर उघडेन. अर्धं टाकायची नाही ती कधी. कसं का असेना, पुरं करायची." मग तिने दुसऱ्या चादरीचं टोक पुढे केलं. "त्यानंतर काढा. मी काही म्हणणार नाही."

बाईंनी मुख्याध्यापकांना सांगितलं की गुण सरकू नयेत म्हणून सगळं नीट उतरवून घेतेय, जरा वेळ लागेल. हे पूर्ण खोटं नव्हतं. घरी त्यांनी फक्त यजमानांना सांगितलं. त्यांनी पेपर खाली ठेवला. मग म्हणाले, "आपली पोर निरोप बघते आणि उत्तर देत नाही. तिला सांग ना हे."

"तिला कशाला?" बाई म्हणाल्या. पण त्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी मुलीला फोन केला, आणि काम काय म्हणून तिने विचारल्यावर जेवलीस का एवढंच विचारलं.

स्वाध्याय येत राहिले. आता सगळ्यांना पहिला पर्याय नसे. कधी एखादं उत्तर बरोबर येई. बाई इतरांना देत तसाच शेरा देत: 'चांगला प्रयत्न', 'प्रश्न पुन्हा वाचावा'. पहिल्यांदा असा शेरा टाकून त्या उठल्या आणि खोलीचं दार उघडून पॅसेजमध्ये जाऊन उभ्या राहिल्या. आपण कोणाला लिहिलं हे त्यांचं त्यांनाच धड सांगता येईना.

तपासणीचा अधिकारी आला तो तरुण होता, उत्साही होता. त्याला मोठा पडदा फार आवडला. मुलं खाली माना घालून टाइप करत होती, मुख्याध्यापक हात मागे बांधून उभे होते. अधिकाऱ्याने स्वतः माऊस घेऊन घरून केलेल्या अभ्यासाचं पान उघडलं आणि घाईच्या नावावर बोट ठेवलं.

"हे बघा," तो म्हणाला. "हजेरी सहामाहीपासून शून्य. पण प्रत्येक स्वाध्याय जमा. गुणसुद्धा वाढत चाललेत. यालाच आम्ही डिजिटल शाळा म्हणतो, सर. मूल शाळेत येऊ शकत नाही, पण शिक्षण थांबलेलं नाही. आजारी आहे का मुलगी?"

वर्गात एकही बटण वाजलं नाही.

"होती," मुख्याध्यापक म्हणाले.

"बरी झाली? छान. वार्षिक समारंभात हिचा सत्कार करा. आईला पण बोलवा." त्याने वहीत नाव उतरवून घेतलं आणि तो पुढच्या खोलीकडे निघाला.

मुख्याध्यापक मागे थांबले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "बाई, उद्या हे नाव मला दिसता कामा नये."

"एक राहिलाय, सर. शेवटचा."

"कोणाचा राहिलाय? अहो, भानावर या."

"आज जाणारच आहे तो. आला की काढते."

ते वळून अधिकाऱ्यामागे गेले.

शेवटचा स्वाध्याय कोणता हे बाईंनी त्यानंतर उघडून पाहिलं. वर्षाच्या सुरुवातीला घालून ठेवलेला, त्या विसरूनही गेल्या होत्या. 'स्वतःच्या आवाजात आपली ओळख ध्वनिमुद्रित करून पाठवा.' त्यांनी घाईघाईने तो थांबवायचा प्रयत्न केला. पण तो सकाळीच गेलेला होता. सगळ्यांना.

शाळा सुटली. मुलांचे आवाज फाटकापर्यंत गेले आणि विरले. शिपाई पॅसेजमध्ये बादली घेऊन फरशी पुसत होता. बाई पडद्यासमोर बसून राहिल्या. ती फोन करेल, म्हणेल हे मला जमणार नाही, आणि आपण म्हणू, राहू द्या, सगळं पुरं झालं असं समजा. काय बोलायचं ते त्यांनी मनात जुळवून ठेवलं होतं.

फोन आला नाही. उन्हं तिसऱ्या खिडकीतून उतरत खुर्चीच्या पाठीवर आली होती तेव्हा तो ठिपका हिरवा झाला, आणि त्याच्या मागोमाग एक ध्वनिफीत आली.

बाईंनी ती लावली. आधी खरखर. मग इतक्या जवळून आवाज आला की त्या खुर्चीत मागे सरकल्या.

"हे लाल बटण दाबलं ना, की ते ऐकायला लागतं. आता बोल."

घाई होती ती.

"काय बोलू?" लांबून आईचा आवाज.

"काही पण. नाव सांग तुझं."

आईने नाव सांगितलं. आधी फक्त पहिलं, मग विचार करून पूर्ण, सरकारी कागदावर सांगतात तसं.

"आणि काय करतेस?"

"भांडी घासतेय, दिसत नाही का?"

हसण्याचा आवाज. "असं नाही गं. बरं, झालं. आता बंद कर. तेच बटण. परत. अगं आई, तेच. मी नाही करणार, तू कर. शिकायचं तर हातानेच शिकायचं, आमच्या बाई म्हणतात."

"तुझ्या बाईंना सांग, माझे हात ओले आहेत."

मग कोणीच काही बोललं नाही. बटण सापडलं नसावं, किंवा शोधलंच गेलं नसावं. फीत चालूच राहिली. नळ. ताटावर ताट. कोणी तरी गुणगुणत इकडून तिकडे गेलं. एक दार लागलं. बाईंनी ती शेवटपर्यंत ऐकली. बाहेर बादलीचा आवाज थांबला होता. दारात शिपाई उभा होता, ओला फडका हातात धरून, आणि तो बाहेरच्या बाहेर निघून गेला नाही.

बाईंनी ती फीत स्वतःकडे उतरवून घेतली. उतरली की नाही ते पुन्हा तपासलं, बटण ओढून बघावं तसं. गाठ बसली होती. मग गुणांच्या जागी पूर्ण गुण टाकले. शेऱ्याची चौकट आली. ती त्यांनी रिकामी ठेवली. आणि नाव काढलं. खालची नावं एकेक पायरी वर सरकली आणि थांबली. घाईच्या जागी आता तिच्याच मैत्रिणीचं नाव आलं होतं.

त्याच दिवशी त्यांनी आपोआप जाणारा निरोप बंद केला. मुख्याध्यापक नंतर म्हणाले, "सोय असताना हाताने कशाला पाठवत बसता?" बाई म्हणाल्या, "असू द्या, सर. कोणाला पाठवतेय ते तरी दिसतं."

पुढच्या आठवड्यात, जेवणानंतरच्या तासाला, त्यांचा फोन वाजला. मागे यंत्रांची घरघर होती.

"बाई, आज काही आलं नाही."

"नाही येणार आता. तिचं सगळं झालं."

"सगळं?"

"हो."

पलीकडे यंत्रं चालू होती. वर्गात मुलं टाइप करत होती. तिसऱ्या खिडकीजवळ बाईंनी त्या दिवशी पहिल्यांदा एका मुलीला बसवलं होतं. ती खुर्चीच्या अगदी कडेवर बसली होती, कोणाला तरी जागा ठेवावी तशी.

"बाकीच्या पोरींचं झालं?" घाईच्या आईने विचारलं.

"अजून नाही."

"म्हणजे सगळ्यांच्या आधी झालं तिचं."

"सगळ्यांच्या आधी," बाई म्हणाल्या.

पलीकडे फोन टेबलावर ठेवल्यासारखा आवाज झाला. मग चादर झटकल्याचा, मग दुसरी. फोन बंद करायचं तिला आता चांगलं येत होतं. बाईंनाही येत होतं. त्या तो कानाशी धरून तास संपेपर्यंत तशाच उभ्या राहिल्या, आणि घंटा झाली तेव्हा वर्ग न विचारताच म्हणाला, "मारली, बाई."